घोडीचा लिलाव

त्या तीन-चार वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं असेल, तर "घोडीला चारा लागतो हो." प्रार्थनासुद्धा मी इतक्या वेळा म्हटली नसेल. लोक दार उघडत, माझ्या हातातलं पावतीपुस्तक बघत आणि चेहरा पाडत. मग मी हसून म्हणायचं, "घोडीला चारा लागतो हो." मग त्यांनी हसून म्हणायचं, "काय बाई, अजून तुमचं घोडं गंगेत न्हालं नाही वाटतं?" मराठीत घोड्यावरून किती बोलता येतं, हे मला इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवून कळलं नव्हतं, ते वर्गणी मागताना कळलं. घोडं कुठे अडलं, कुठे पेंड खातं, वरातीमागून का येतं, सगळं ऐकून घेतलं. प्रत्येकाला वाटायचं, हा विनोद आपल्यालाच सुचला. मी दर वेळी हसायचे. न हसून सांगता कुणाला? समोरच्याचा हात अजून खिशात जायचा असायचा.

मी थकले होते, हे आधीच सांगते. पुढे जे सांगणार आहे त्याचं कारण थकवा नव्हे. पण थकवा होता. सकाळी शाळा, दुपारी मुलीचं अंग चोळणं, संध्याकाळी गास गावच्या रस्त्याने दारोदार. रविवारी मिस्सा झाली की देवळाच्या पायरीशी टेबल मांडून बसायचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. नवरा मुंबईला नोकरीला, तो रविवारी झोपायचा. त्याला बोलायची सोय नव्हती, कारण त्याच्या पगारावर घर चालत होतं आणि माझ्या पगारावर मुलीची डॉक्टरं.

मुलगी जन्मली ती रडलीच नाही. सुईण पाठीवर थापट्या मारून मारून थकली, तेव्हा कुठे एक कुईं झालं. त्या रडायला लागलेल्या वेळेनं पुढचं सगळं ठरवलं. डोकं चांगलं, बोलणं जड पण समजण्यासारखं, हात बरे, आणि पाय मात्र एकमेकांवर घट्ट आवळलेले, कात्रीसारखे. लंगोट बदलायला मांड्या फाकवायच्या तर दोघांना बसावं लागे. सात वर्षांची झाली तरी भिंतीला टेकवल्याशिवाय बसत नव्हती. शेजारीण एकदा सहज म्हणाली, "एवढी घोडी झाली, आता उचलशील कशी गं?" वाईट मनानं नाही म्हणाली. पण मी घरात जाऊन चुलीपुढे बसून रडले.

मुंबईच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला ते पहिल्यांदा सांगितलं. परदेशात अशा मुलांना घोड्यावर बसवतात. घोडा चालतो तशी त्याची पाठ हलते, ती हालचाल मुलाच्या कमरेत शिरते, घोड्याच्या अंगाची ऊब मांड्यांना लागते आणि आवळलेले पाय हळूहळू सैल पडतात. मला वाटलं, बाई माझी थट्टा करतायत. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे घोडे टांग्याला असतात." त्या म्हणाल्या, "मग एक टांग्यातून सोडवा."

टांग्यातली नव्हती, गाडीतली निघाली. आमच्या शेजारचे काका वाडीवाले. केळी, पानवेल, मोगरा. स्टेशनावर माल न्यायला त्यांची एक घोडागाडी होती आणि तिला जुंपलेली एक तांबडी घोडी. त्याच सुमारास काकांनी टेम्पो घेतला. घोडी रिकामी झाली. काका रागीट, तोंडाळ, आवाज असा की वाडीतून हाक मारली तर रस्त्यावर सायकलवाला थांबे. पण घोडी विकायची म्हटलं की त्यांचे डोळे भरून येत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घे बसव पोरीला. पन दाना माझ्याच्यानं परवडणार नाही आता, ते तू बघ."

पहिल्या दिवशी घोंगडी दुमडून पाठीवर टाकली, दोरीनं बांधली. काका तोंडाशी, मी एका बाजूला, डॉक्टरीणबाई दुसऱ्या. मुलगी किंचाळली. वीस पावलांवर गप्प झाली. देवळामागच्या मैदानाला दोन फेऱ्या झाल्या आणि खाली उतरवताना तिच्या मांडीवर हात ठेवला तर मांडी मऊ. सात वर्षांत मी तिची मऊ मांडी फक्त झोपेत पाहिली होती. खरं सांगते, मी त्या घोडीच्या पोटाला डोकं टेकलं आणि तशीच उभी राहिले. काका ओरडले, "अगो, लाथ मारंल!"

असं ते केंद्र सुरू झालं. केंद्र म्हणायचं ते फादरांमुळे. त्यांनी देवळामागची जागा दिली, झावळ्यांचं छप्पर घालून दिलं आणि मिस्सेच्या शेवटी जाहीर केलं, तेव्हापासून सगळे केंद्र म्हणू लागले. बुधवारी आणि शनिवारी सकाळी, सहा मुलं, प्रत्येकाला वीस मिनिटं. घोडीचं वय झालेलं, त्याहून जास्त ती चालत नसे. थांबायची ती थांबायचीच. डॉक्टरीणबाई महिन्यातून दोनदा यायच्या, बाकी मी आणि काका.

आणि खर्च! मला वाटलं होतं, घोडी काय, गवत खाते. कुठलं गवत! हरभरा, कोंडा, भुसा, नाल, एकदा पोट फुगलं तेव्हा जनावरांचा डॉक्टर, झावळ्या दरसाल नव्या. मग आम्ही काय नाही केलं? सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, वळून विकली. माझ्या शाळेतल्या बायांनी नाटक बसवलं, त्यात नायिकेलाच गोवर निघाला. हाउझी, म्हणजे आकडे पुकारून खेळायचा तंबोला, खेळवली. हाउझीला लोक यायचे, खेळायचे, जिंकायचे आणि मला म्हणायचे, "बाई, तुमच्या घोडीनं आज आमचं नशीब काढलं." मी म्हणायचे, "मग घोडीला द्या की त्यातलं काही." की गेले पांगून.

यादी माझ्याकडे असायची. कुठलं मूल कधी बसणार, ती यादी. आता तेही सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी सहातलं एक कुटुंब मुंबईला राहायला गेलं. एक जागा रिकामी झाली. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीची कंबर तपासली आणि म्हणाल्या, छान चाललंय, पण ही पुढची दोन वर्षं महत्त्वाची. वाढीच्या वयात खुबा आखडला तर मग शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही, आणि तीही होईल न होईल. मी घरी आले, यादी काढली आणि त्या रिकाम्या जागी माझ्या मुलीचं नाव दुसऱ्यांदा लिहिलं. बुधवारी पहिली आणि बुधवारीच शेवटची. कुणी विचारलं नाही. विचारतं कोण? वणवण मी करत होते.

त्यानंतर महिन्याभरात तो माणूस आला. मिठागरावरचा, खाडीकडच्या वस्तीतला. उन्हानं काळा पडलेला, पायांची सालं मिठानं पांढरी झालेली. खांद्यावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याचे पाय बापाच्या छातीवर कात्रीसारखे. मला बघताक्षणी कळलं काय ते. तो म्हणाला, "बाई, ह्यो पन तसाच हाय. घोडीवर बसवाल का?" मी म्हटलं, "यादी भरलीय. सणानंतर बघू." तो "बरं" म्हणाला आणि गेला. सणानंतर पुन्हा आला. मी म्हटलं, "पावसानंतर बघू." पावसानंतरही आला. मी काय म्हटलं ते आता आठवत नाही, असलंच काहीतरी. तो कधी हुज्जत घालत नसे. फक्त तिसऱ्या वेळी लगेच गेला नाही. कुंपणाबाहेर उकिडवा बसून राहिला, मुलाला मांडीवर घेऊन, आणि सगळ्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत बघत होता. मला त्याचा राग आला. माझ्यावर नजर ठेवतोय, असं वाटलं.

आता लिलावाचं सांगते, कारण तो समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

आमच्या गावच्या सणाला मिस्सेनंतर देवळापुढे लिलाव होतो. ज्याच्या वाडीत जे पहिलं आलं असेल ते त्यानं आणून ठेवायचं. केळीचा घड, फणस, भोपळा, कोंबडा, मोगऱ्याची टोपली. काका उंच दगडावर उभे राहून बोली पुकारणार. आणि गंमत अशी, की जो जिंकतो तो वस्तू घरी नेत नाही. तो ती डोक्यावर धरतो, "देवाचं देवाला!" असं ओरडतो आणि परत ठेवतो. मग तिचाच पुन्हा लिलाव. एकच फणस पाच-पाच वेळा विकला जातो. प्रत्येकानं आपापली बोली नंतर आठवड्याभरात सवडीनं आणून द्यायची. शेवटी वस्तू कुणा गरिबाच्या घरी जाते. कुणी सुरू केलं ठाऊक नाही. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. आमची पोरं चालायला शिकतात तसं हेही शिकतात. फणस जिंकून घरी नेणारा माणूस आमच्या गावात झालेला नाही.

त्या वर्षी केंद्राकडे पावसाळ्याच्या चाऱ्यापुरतेही पैसे नव्हते. मे महिना, सण आठवड्यावर. मी फादरांना म्हटलं, "आपण घोडीचाच लिलाव केला तर?" कल्पना माझी होती. मला वाटलं, भोपळ्याला बोली लावणारे घोडीला जास्त लावतील, निदान चेष्टेत तरी. चार वेळा विकली तर वर्षाचं भागेल. फादर हसले. काका म्हणाले, "माझी घोडी मीच पुकारायची? बरं. आवाज लावून पुकारतो बघ."

घोडीला धुतलं, मोगऱ्याचा गजरा घातला. बँड उभा. ऊन असं की डोक्यावर रुमाल टाकूनच लोक उभे. माझी मुलगी देवळाच्या पायरीवर सावलीत, भिंतीला न टेकता बसलेली. होय, तेव्हा बसायला लागली होती ती, हात टेकून. मी दर दोन मिनिटांनी बघत होते, अजून बसलीय का.

पहिली बोली एका दुकानदारानं जिंकली. "देवाची देवाला!" टाळ्या. दुसरी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी. "देवाची देवाला!" त्यांनी घोडी डोक्यावर धरायचा आव आणला, लोक हसून लोळले. काका तिसऱ्यांदा पुकारू लागले. गर्दीच्या टोकाकडून कुणीतरी सरळ नऊशे म्हणाला. सगळे वळून बघायला लागले. डोक्याला फडकं गुंडाळलेला, ओळखीचा नाही. काका खूष. "नऊशे एक वार! नऊशे दोन वार! तीन वार!" टाळ्यांचा कडकडाट. आता हा काय करून दाखवतो म्हणून सगळे थांबले.

तो पुढे आला. कनवटीची पुरचुंडी सोडली, नोटा आणि नाणी फादरांच्या टेबलावर ओतली, सगळीच्या सगळी. तिथेच कुणाला तरी कळायला हवं होतं. आमच्यात जागेवर पैसे कोण देतं? तो काकांकडे गेला, दोरीला हात लावला. काकांनी दोरी दिली. त्यांना वाटलं, देवळाला एक फेरी मारून "देवाची देवाला" म्हणणार, नवीन काहीतरी दाखवतोय. बँडवाल्यांनाही तेच वाटलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. तो घोडी घेऊन फाटकाकडे निघाला आणि आमचा बँड त्याला वाजत-गाजत फाटकापर्यंत पोचवून परत आला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा.

मग भोपळा निघाला. मग कोंबडा. तासाभराने काकांनी विचारलं, "घोडी कुठाय?"

काय तो गोंधळ! कुणी म्हणे कळंबला किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवायला नेली असेल, कुणी म्हणे वसईला बाजारात विकली असेल, कुणी म्हणे पोलिसात जा. फादर टेबलावरच्या नोटांकडे बघत म्हणाले, "पोलिसात जाऊन सांगायचं काय? विकत घेतली म्हणून?" काका दगडावर बसून राहिले.

मी ओळखलं होतं त्याला. दोरी धरून वळला तेव्हाच पायांवरून ओळखलं होतं. मिठानं पांढरे झालेले पाय. पण मला वाटलं, आला असेल सणाला, लावली असेल बोली, चांगला माणूस दिसतोय. म्हणजे मलाही काही कळलं नव्हतं. कळलं तेव्हा दोन गोष्टी एकदमच मनात आल्या. एक, हे माझ्यामुळे झालं. दोन, बुधवारी माझी मुलगी बसणार कशावर? पहिल्या गोष्टीवर मी थांबले नाही. "मला माहीत आहे कुठला आहे तो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा करून आम्ही तिघं गेलो. फादर, काका आणि मी. चारेक मैलांचा रस्ता, शेवटचा मिठागराच्या बांधावरून. टांग्याचं चाक एका बाजूला कलंडत होतं, ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी मनात वाक्यं जुळवत होते, जशी चुकलेल्या मुलाच्या आईबापांपुढे बोलायला जुळवते.

मिठाच्या ढिगांपलीकडे झोपड्या आणि त्यांच्यापुढे मोकळी जागा. घोडी तिथे चालत होती. मुलगा वर. तो माणूस तोंडाशी, एक म्हातारा एका बाजूला, एक बाई दुसऱ्या. पाठीवर गोणपाटं दुमडून टाकलेली, आमच्या घोंगडीसारखीच चौपदरी, दोरी दोनदा पोटाखालून घेतलेली, पुढे धरायला काथ्याचं एक कडं. माझ्या मुलीसाठी आम्ही असंच कडं केलं होतं. कुंपणाबाहेर बसून त्यानं माझ्यावर नजर ठेवली नव्हती. तो शिकत होता.

आम्हाला बघून तो हसला. त्याला वाटलं, घोडीची खुशाली विचारायला आलो. खाट टाकली, पाणी दिलं. "पानी प्या. लांबून आलाव." मग म्हणाला, सगळ्या वस्तीनं मिळून पैसे घातलेत, मिठाच्या मजुरीतून, कुणी दोन दिवसांची, कुणी आठवड्याची. वस्तीत अजून एक पोरगी आहे तशी, तिलाही बसवणार. वर्षभर साठवत होते. लिलाव आहे असं ऐकलं तसा धावत आला, उशीर होतो की काय या भीतीनं.

मी इथे तीन वर्षं चपला झिजवत होते, आणि या लोकांनी मजुरीतून घोडी घेतली, एक म्हण न ऐकवता.

काकांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. मला भीती होती की ते ओरडतील किंवा रडतील. मी शाळेतल्या आवाजात समजावलं. आमच्याकडे अशी रीत आहे. बोली जिंकली तरी वस्तू न्यायची नसते. परत द्यायची असते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमची चूक नाही, तुमचे पैसे फादरांनी आणलेत.

तो ऐकत राहिला. मग अगदी सरळ विचारलं, "मग इकलंत काय तुमी?"

फादर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. लिलाव झाला, पैसे घेतले. घोडी त्यांची आहे." आणि ते माझ्याकडे बघायला लागले, की बाई, आता चला. काकाही पुढे झाले नाहीत. घोडी काकांनी पंधरा वर्षं पोसलेली, तरी नाही. मला वाटतं, मुलाला वर बसलेला बघून त्यांचं मन तिथेच फिरलं होतं.

मी एकटीच उरले. आणि मला देवळाच्या पायरीवर हात टेकून बसलेली माझी मुलगी दिसत होती. दोन वर्षं महत्त्वाची, दोन वर्षं महत्त्वाची. मी म्हटलं, "अहो, ती देवाची आहे. देवाला दिलेली. ऐकलं नाहीत का, सगळे काय ओरडत होते? देवाची देवाला."

खोटं होतं. ती काकांची गाडी ओढणारी घोडी होती. देवाला कुणी दिली नव्हती. लिलावातलं ते ओरडणं म्हणजे नुसती बोलायची पद्धत, कोंबड्यालाही तेच ओरडतात. फादरांनी झटकन माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. का नाही बोलले, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या माणसाचा चेहरा बदलला. हात दोरीवरून अर्धा निघाला. "देवाची हाय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो बायकोकडे वळला, तिला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ती खाली बघत होती. मग म्हणाला, "देवाची असंल तर न्हाय ठेवनार. देवाचं ठेवून घेतलं तर पोराला गुन कसा यायचा?"

काका म्हणाले, "मी नेतो तिला." तो म्हणाला, "नको. मी नेली, मीच आनून बांधतो." पैसेही तिथे घेतले नाहीत, घोडी बांधली की घेईन म्हणाला. मुलाला त्यानं खाली उतरवलं नाही. मला वाटतं, तेवढा रस्ता तरी बसू दे, असं त्याच्या मनात असेल. किंवा इतक्या लांब खांद्यावरून न्यायचा आणि आणायचा, त्यापेक्षा निदान जाताना बरं. विचारलं नाही मी.

आम्ही टांग्यातून मागे मागे. पुढे घोडी, तिच्या वेगानं, म्हणजे वेग नाहीच. मुलगा काथ्याचं कडं धरून. आधी त्याची पाठ वाकलेली होती, बांध संपेपर्यंत थोडी सरळ झाली. रस्त्याला लागल्यावर त्यानं एक हात सोडून चेहऱ्यावरची माशी हाकलली. आमच्या केंद्रात हात सोडायला एकेकाला वर्ष लागतं. मी टांग्याच्या दांडीकडे बघायला लागले. मग घोडी थांबली, चालली, थांबली. चार मैल. कुठल्याही मुलाला आम्ही सलग वीस मिनिटांवर बसवलं नव्हतं.

देवळामागे पोचलो तेव्हा दुपार झालेली. काका दाणा आणायला आत गेले, फादर पैशाचं पाकीट काढत होते. घोडी दाण्याच्या वासानं चुळबुळ करायला लागली, म्हणून तो माणूस दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून उभा राहिला. मुलाला उतरवायला कुणी नव्हतं. मीच पुढे झाले.

या कामाची माझ्या हातांना सवय होती. पाय नुसता ओढायचा नाही, तो अडकतो, मूल ओरडतं. आधी मांडीवर हात ठेवायचा, ऊब द्यायची, थांबायचं. पाय जरासा सैल पडला की मग पाठीवरून अलगद पलीकडून अलीकडे आणायचा. माझ्या मुलीच्या बाबतीत मी मनात शंभर मोजत असे, तेव्हा कुठे तो येई. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. मोजायला सुरुवातच करावी लागली नाही. मांडी गरम होती आणि मऊ, पिकल्या केळ्यासारखी. पाय माझ्या हातात आपला आपण आला. इतका सैल पाय मी माझ्या मुलीचा कधी पाहिला नव्हता, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मुलगा माझ्याकडे बघून हसला. मला म्हणाला, "अजून."

तेव्हा मला बोलता आलं असतं. सांगता आलं असतं, की एक जागा आहे, दीड वर्षापासून आहे, मीच ती दाबून बसलेय. माझ्या जिभेवर आलं होतं. परमेश्वराची शपथ, आलं होतं.

बापाला घोडीच्या मानेपलीकडचं दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, "उतरला का, बाई?"

"उतरला," मी म्हटलं, आणि पोरगं त्याच्या खांद्यावर दिलं.

त्या बुधवारी माझी मुलगी घोडीवर दोनदा बसली.